२३६ शब्दांचे पुस्तक

अमेरिकेत १९५५ साली रुडॉल्फ फ्लेश यांनी अक्षरांचे ध्वनी न शिकवता अख्खे शब्द पाठ करून घेण्याच्या पद्धतीवर कडाडून टीका केली. दोनच वर्षांनी, १९५७ मध्ये, डॉ. स्यूस यांचे ‘द कॅट इन द हॅट’ आले. गोष्ट धमाल, पण वेगवेगळे शब्द अवघे २३६.

घरी इंग्रजी वाचनाचा सराव घेणाऱ्या पालकांना ते उपयोगी पडते ते यमकांमुळे. ‘कॅट’, ‘हॅट’, ‘मॅट’ यांत पहिला ध्वनी बदलतो आणि शेवट तोच राहतो, हे मुलाच्या कानाला सहज कळते. ‘एस-ए-आय-डी’चा उच्चार ‘सेड’ का, हे मात्र अक्षरांच्या ध्वनींवरून कळत नाही. देवनागरीत बहुतांशी लिहिले तसे वाचणारे मूल इथे अडखळते. असे मोजके शब्दच नजरेने ओळखायला शिकवावेत.

पुस्तकाची उणीव त्याच्या गुणातच आहे. यमक आणि चित्रांच्या आधाराने मूल ते घडाघडा म्हणू लागते आणि पालक त्यालाच वाचन समजतात. शिक्षकांनी त्यांना सांगावे: चित्र झाका, मधलीच ओळ द्या, ‘रॅट’सारखा नवा शब्द लिहून दाखवा. तो वाचता आला तर ध्वनी समजला; नाही तर ते पाठांतरच.