वाचनस्वातंत्र्य आणि थैलीची दोरी

स्वातंत्र्याचे जाहीरनामे लिहिणें ही एक कला आहे, आणि त्या कलेंत अमेरिकन लोकांचा हात धरणारे लोक थोडे. २५ जून १९५३ रोजीं तेथील ग्रंथालय-संघानें व ग्रंथप्रकाशकांच्या मंडळानें 'वाचनस्वातंत्र्या'संबंधीं जें निवेदन स्वीकारिलें, तें या जातीच्या वाङ्मयांतील एक उत्तम लेख म्हणून आजही वाचण्यासारखें आहे. सेनेटर मॅकार्थी यांच्या धाकानें भलेभले विद्वान् तोंड मिटून बसले असतां तें लिहिलें गेलें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्यांतील धैर्याचीही किंमत कळते. तथापि, ज्या कुमारवयीन वाचकांच्या नांवानें आज त्या देशांत एवढें काहूर उठलें आहे, त्यांच्या पदरांत हें निवेदन काय घालतें, आणि जें घालतें त्याचा खर्च कोण सोसतो, हे दोन प्रश्न सहसा एकत्र विचारले जात नाहींत. ते एकत्र विचारावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

निवेदनांत सात कलमें आहेत. त्यांपैकीं चौथ्यांत असें प्रतिपादिलें आहे कीं, कुमारांना जें वाचन योग्य समजलें जातें, तेवढ्यावरच प्रौढांना अडवून ठेवणें अन्यायाचें आहे. वाक्य बिनतोड आहे; पण त्यांत कुमार येतो तो वाचक म्हणून नव्हे, प्रौढांच्या हक्काची हद्द दाखविणारा दगड म्हणून! सुदैवानें त्याच कलमाच्या विवरणांत या उणिवेची भरपाई केलेली आहे. आयुष्यांत पुढें जे नाना प्रकारचे अनुभव येणार, त्यांसाठीं मुलांची तयारी करून घेणें हें आईबापांचें व शिक्षकांचें कर्तव्य होय, आणि नुसत्या मनाईनें तें कर्तव्य पार पडत नाहीं, असें तेथें स्पष्ट म्हटलें आहे. आमच्या मतें साऱ्या निवेदनाचें मर्म येथें आहे. ग्रंथ निरुपद्रवी असतात अशी भाबडी हमी लेखकांनीं दिलेली नाहीं. उलट, विचार धोक्याचे असूं शकतात, पण त्यांची मुस्कटदाबी लोकशाहीस अधिक घातक, असें त्यांनीं शेवटीं मान्य केलें आहे. १९३९ सालच्या ग्रंथालयविषयक हक्कांच्या सनदेंतही १९६७ मध्यें वयाचा उल्लेख घालण्यांत आला. वयामुळें कोणास ग्रंथालयाचा उपयोग नाकारूं नये, हें तत्त्व तेव्हांपासून लेखी झालें.

तत्त्व लेखी झालें, पण कपाटांतील पुस्तकांचें काय? १९७६ सालीं न्यूयॉर्क संस्थानांतील आयलंड ट्रीज येथील शाळामंडळानें आपल्या ग्रंथालयांतून नऊ पुस्तकें काढून टाकिलीं. कर्ट व्हॉनेगट यांची 'स्लॉटरहाउस-फाइव्ह' आणि बर्नार्ड मॅलमड यांची 'द फिक्सर' या कादंबऱ्या त्यांत होत्या. स्टीव्हन पिको हा विद्यार्थी व त्याचे सोबती न्यायालयांत गेले. १९८२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्यांच्या बाजूनें कौल दिला; केवळ विचार आवडत नाहींत म्हणून मंडळानें शाळेच्या कपाटांतून पुस्तक हलवूं नये, असें न्यायमूर्ति ब्रेनन यांनीं लिहिलें. परंतु त्यांच्या सर्व विवेचनास न्यायाधीशांच्या बहुमताचा पाठिंबा नव्हता. शिवाय त्यांनीं स्वतःच एक मर्यादा घालून ठेविली. प्रश्न पुस्तक काढण्याचा आहे, विकत घेण्याचा नव्हे! ज्यास पुस्तक काढण्याची चोरी, त्यास तें मुळांतच न घेण्याची मोकळीक राहिली. स्वातंत्र्याचा खरा दरवाजा कायद्याच्या पोथींत नसून थैलीच्या तोंडाशीं आहे, हें त्या निकालानेंच नकळत सांगून टाकलें.

ही गोष्ट मिशिगनमधील जेम्सटाउन या वस्तीनें पुढें उघड करून दाखविली. तेथील पॅटमॉस ग्रंथालयांत माया कोबाबे यांचें 'जेंडर क्वीअर' हें चित्रमय आत्मचरित्र होतें. तें व तशीं दुसरीं पुस्तकें नकोत असें म्हणणाऱ्यांनीं ग्रंथालयाच्या करालाच विरोध केला. ऑगस्ट २०२२ मध्यें मतदारांनीं तो कर नामंजूर केला, नोव्हेंबरांत पुन्हां नामंजूर केला. ग्रंथालयाचें बहुतेक उत्पन्न या एका करांतून येई. देशभरांतून देणग्या आल्या. एकट्या नोरा रॉबर्ट्स या कादंबरीकर्त्रीनें ५०,००० डॉलर्स दिले. अखेर नोव्हेंबर २०२३ मध्यें कर मंजूर झाला आणि ग्रंथालय वांचलें. पण मधल्या काळांत, ज्या मुलाला 'जेंडर क्वीअर'शीं कांहीं कर्तव्य नव्हतें, ज्याला फक्त भूमितीचें पुस्तक किंवा संध्याकाळीं बसावयास दिवा हवा होता, त्याचाही दिवा मालवण्याची वेळ आली होती.

'ज्याचा पैसा त्याचा शब्द' हा करदात्याचा युक्तिवाद तुच्छ लेखण्यासारखा नाहीं. आपल्या मुलानें काय वाचावें, हें पाहण्याचा अधिकार बापास आहेच. परंतु शेजाऱ्याच्या मुलानें काय वाचावें हें ठरविण्याचा अधिकार कराच्या पावतीवर लिहिलेला नसतो. रस्त्याचा कर भरणारास रस्त्यावरून कोणीं जावें हें ठरवितां येत नाहीं, तसेंच हें आहे.

या संकटावर उपाय म्हणून तेथें कुमारांसाठीं वाचनस्वातंत्र्याचे कार्यक्रम होतात, व १९६९ मध्यें स्थापन झालेल्या वाचनस्वातंत्र्य-प्रतिष्ठानासारख्या संस्था त्यांस लहान लहान रकमा देतात. ज्युडिथ क्रुग या ग्रंथपाल-बाईंनीं १९८२ मध्यें सुरू करण्यांत पुढाकार घेतलेला 'निषिद्ध ग्रंथ सप्ताह' हा त्यांचा मुख्य प्रसंग. हेतु स्तुत्य, परंतु एक दोष दाखविलाच पाहिजे. निषिद्ध म्हणून पुस्तक पुढें ठेविलें कीं त्याभोंवतीं चोरट्या गोडीचें वलय उत्पन्न होतें, आणि तें चांगलें आहे कीं सुमार, हा रसिकाचा प्रश्न बाजूला पडतो. बंदी ही कांहीं गुणवत्तेची पावती नव्हे. पुस्तक अर्ध्यावर मिटून 'हें मला पटलें नाहीं' असें सकारण म्हणतां येणें हाही वाचनस्वातंत्र्याचाच भाग आहे, आणि तो एका सप्ताहांत शिकवितां येत नाहीं. त्यास बारमाही वाचनमंडळ लागतें, खरेदीच्या यादींत मुलांचा शब्द लागतो, आणि मुख्य म्हणजे पगारी, जाणता ग्रंथपाल लागतो.

पैसा कसा उभारावा, याविषयीं अमेरिकेशीं संबंध असलेलें एक उदाहरण आपल्याकडेच आहे. अमेरिकेंतील ग्रंथालयें पाहून आलेल्या सयाजीराव महाराजांनीं १९१० मध्यें न्यू हेवनचे ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांस बडोद्यास आणिलें. त्या संस्थानांत गांवकऱ्यांनीं ठराविक रक्कम जमविली म्हणजे तितकीच पंचायतीनें व तितकीच सरकारनें घालावी, असा प्रघात पडला. थैलीस तीन दोऱ्या झाल्या. अर्थात् गांवानें हात आंखडला तर उरलेल्या दोन दोऱ्याही आवळल्या जात, हा त्या योजनेंतील दोष. जेम्सटाउनसारख्या ठिकाणीं ही अट काढून टाकावी लागेल. पण एकाच हातीं दोरी देऊं नये हा धडा पक्का आहे. संघसरकारचा हात तरी खात्रीचा म्हणावा, तर ग्रंथालयांस अनुदान देणारी संस्था कायद्यास अटळ तेवढीच ठेवावी असा हुकूम अमेरिकेच्या अध्यक्षांनीं १४ मार्च २०२५ रोजीं काढला आणि प्रकरण न्यायालयांत गेलें.

म्हणून दात्यांना आमची सूचना अशी कीं, सप्ताहाच्या पताकांवर जें खर्च होतें तें व्हावें, पण त्याच्या दसपट रक्कम कुमारांच्या कपाटासाठीं कायम ठेव म्हणून बाजूस काढावी, आणि तिचें व्याज कोणत्याही एका पुस्तकावरील रुसव्यानें थांबणार नाहीं, अशी अट ठेवपत्रांतच घालावी. १९५३ च्या निवेदनास आठवें कलम जोडावयाचें झाल्यास तें हेंच असावें.