रात्र नसलेल्या देशातील वही

मराठीतील एक थोर प्रवासवर्णन कर्जापायी घराबाहेर पडलेल्या माणसाने लिहिले आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल व घरचे देणे फिटेल, या आशेने. वाटेत बंडाने त्यांना गाठले. चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली 'माझा प्रवास' प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून मराठी वाचक त्या पुस्तकाकडे पुनःपुन्हा वळत आला आहे. त्यात डोंगरदऱ्यांची वर्णने फारशी नाहीत. भीती आहे, भूक आहे, कनवटीच्या पैशांची काळजी आहे, आणि अखेरीस आईवडिलांसाठी खांद्यावरून आणलेली गंगेची कावड आहे. घरी कोणीतरी वाट पाहत आहे ही जाणीव त्या लेखनाचा कणा आहे.

हे सारे आज आठवण्याचे कारण एक वही. नेरमधील आमच्या परिचयाच्या एका कुटुंबातील कन्या जर्मनीत नोकरीस आहे. गेल्या जून महिन्यात तिने आइसलँड या देशात चौदा दिवस एकटीने मोटार हाकीत, तंबूत झोपत प्रवास केला, आणि रोज रात्री (तेथे जूनमध्ये रात्र होतच नाही, त्याविषयी पुढे) रेघी वहीत लिहिले. त्या वहीची छायाप्रत तिने या त्रैमासिकाकडे पाठविली व एक प्रत आईकडे. आई ती घेऊन आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, "फादर, पोरगी एकटी तंबूत झोपली म्हणते. हे छापायचं का नाही, तुमीच सांगा जी." या एका वाक्यात दोन प्रश्न आहेत. छापण्याविषयी समीक्षकाला काही सांगता येईल. तंबूविषयी काय सांगावे, हे आम्हांस त्या दिवशी सुचले नाही.

वहीला तिने दिलेले शीर्षक आम्ही येथे देत नाही. ते बदलावे असे तिला कळविले आहे.

आइसलँडभोवती एकच मोठा रस्ता आहे, सुमारे १,३०० किलोमीटरचा. दक्षिणेकडील हिमनद्यांच्या पुरांनी वाहून जाणाऱ्या वाळवंटावर पूल बांधून १९७४ साली तो पूर्ण झाला. वही या रस्त्याच्या क्रमाने चालते: रेक्याविक, थिंगवेलिर, विकचा काळा समुद्रकिनारा, हिमखंडांचे सरोवर, मीवाटन, आकुरेयरी, पुन्हा रेक्याविक. माहिती बहुतेक बिनचूक आहे. मोटारीत झोपायचे असले तरी तेथे आता नेमून दिलेल्या तळावरच झोपावे लागते, वाऱ्याने मोटारीचे दार उलटे फिरून मोडते म्हणून ते दोन्ही हातांनी धरून उघडावे लागते, अशा उपयुक्त गोष्टीही तिने टिपल्या आहेत. असल्या नोंदी आम्हांस आवडतात. दार धरणारी माणसे खरे बोलतात.

परंतु धबधबा दिसला की तिची भाषा सुटते. 'अद्भुत', 'स्वर्गीय', 'शब्दातीत' हे तीन शब्द आम्ही मोजले; पहिल्या चाळीस पृष्ठांत ते एकतीस वेळा आले. शब्दातीत वस्तूविषयी शब्द लिहायचेच असतील तर ते निराळे हवेत. लाव्हाच्या मैदानाला ती तीनदा चंद्राची भूमी म्हणते. अमेरिकेच्या अपोलो मोहिमेतील अंतराळवीरांना १९६५ व १९६७ साली सरावासाठी याच देशात नेले होते, हे खरे आहे. त्यामुळे ही उपमा तेथील प्रत्येक माहितीपत्रकात असावी. पण लेखिकेने चंद्र पाहिलेला नाही. तिने नेर पाहिले आहे.

आणि येथेच तिची वही एकदा, फक्त एकदा, उजळून निघते. दक्षिणेस १७८३ च्या लाव्हावर वीतभर जाडीचे करडे-हिरवे शेवाळ पसरले आहे. ते पाहून ती लिहिते की मामाच्या बरडावर आषाढाच्या पहिल्या आठवड्यात असाच रंग चढतो, आणि तो पाहून मामा खूश होत नाही, कारण त्या हिरव्यात गुरांना खायला काही नसते. तिचे शब्द आम्ही थोडक्यात सांगत आहोत. मूळ वाक्य याहून चांगले आहे. 'बरड' हा एक शब्द येताच परका देश जवळ आला आणि मामाचे शेत दूर जाऊन पुन्हा दिसले. मराठीत कातळ आहे, मुरूम आहे, खडकाळ, मुरमाड, बरड आहे. ज्या लोकांनी काळ्या दगडावर पिढ्यान् पिढ्या नांगर मोडले त्यांच्या भाषेला ज्वालामुखीच्या देशात उसनवारी करावी लागू नये.

हा केवळ शब्दांचा प्रश्न नाही. ज्या जमिनीवर आपण राहतो ती त्याच आगीची आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीला भेगा पडून लाव्हाचे थरावर थर पसरले, आणि आज पाच लाख चौरस किलोमीटरांच्या आसपास जो दख्खनचा काळा पाषाण उरला आहे, त्याचीच माती होऊन आमच्या यवतमाळची कपाशी उभी राहते. जिल्ह्यातच, शिबला-पार्डीजवळ, २०२१ साली रस्त्याच्या कामात दगडाचे घडीव वाटावेत असे खांब उघडे पडले. भूशास्त्राचे अभ्यासक सुरेश चोपणे यांनी ते लाव्हाचे स्तंभ असल्याचे सांगितले. लाव्हा सावकाश निवतो, आकसतो आणि त्याला बहुकोनी भेगा पडतात, जशा चैत्रात आमच्या काळ्या रानाला पडतात. या भेगा खोलवर गेल्या की खांब तयार होतात. मुंबईत अंधेरीचा गिल्बर्ट हिल तोच प्रकार. विकच्या किनाऱ्यावर अशाच खांबांपुढे उभे राहून आमच्या लेखिकेने अडीच पृष्ठे लिहिली आहेत. शिबला-पार्डी तिच्या घरापासून मोटारीने काही तासांवर आहे. तिने ते पाहिले नाही याचा दोष आम्ही तिला देत नाही. आम्हीही अजून पाहिलेले नाही.

आमची मुख्य तक्रार वेगळी आहे, आणि ती एका गावापाशी येऊन थांबते. त्या गावाचे नाव किर्क्युबाइयारक्लाउस्टुर. आमच्या जिभेला ते पेलत नाही. तेथील लोकही नुसते क्लाउस्टुर म्हणतात असे कळते, तेव्हा आपणही तसेच म्हणू. क्लाउस्टुर म्हणजे मठ. येथे ११८६ साली बेनेडिक्टाइन भगिनींचा मठ स्थापन झाला व धर्मसुधारणेच्या काळापर्यंत नांदला. लेखिकेने येथे तंबू ठोकला, शेव तळली (खरोखर तळली, लहान स्टोव्हवर, हा भाग गोड आहे) आणि गावाला अर्धे पृष्ठ देऊन ती पुढच्या धबधब्याकडे गेली. अर्ध्या पृष्ठात एक ओळ अशी की येथे कोणा पाळकाने प्रार्थना करून लाव्हा थांबविला अशी दंतकथा आहे.

ते पाळक योन स्टेइनग्रीमसोन. ते लूथरपंथीय होते, आणि आमच्या मते युरोपातील आपत्तिलेखनातील मोठ्या लेखकांपैकी एक. ८ जून १७८३ रोजी त्यांच्या गावाच्या उत्तरेस लाकी येथे भूमी फाटली. भेग सुमारे सत्तावीस किलोमीटर लांब होती आणि ती आठ महिने धगधगत राहिली. विषारी वायूने गवत नासले. ते गवत खाल्लेल्या मेंढ्यांच्या व गुरांच्या सांध्यांना गाठी आल्या, ती उभी राहीनाशी झाली आणि मेली. पाठोपाठ दुष्काळ आला व देशातील जवळजवळ पाचवा हिस्सा माणसे दगावली. त्या वर्षीचे धुके युरोपभर पसरले होते. आमच्या उत्तर हिंदुस्थानात १७८३-८४ चा 'चालिसा' दुष्काळ पडला. त्या सुमारास मोसमी पाऊस क्षीण होण्याशी काही अभ्यासक लाकीच्या वायूंचा संबंध जोडतात. म्हणजे तो डोंगर तितका दूर नव्हता.

२० जुलै १७८३, रविवार. लाव्हा गावाकडे येत होता. पुढच्या रविवारी देऊळ उभे असेल की नाही कोणास ठाऊक नव्हते. योन यांनी उपासना केली, नेहमीपेक्षा जराशी लांबविली, घाई केली नाही. बाहेर येऊन पाहतात तो लाव्हा होता तेथेच थबकून थरावर थर रचीत होता. ते प्रवचन आजही 'आगीचे प्रवचन' म्हणून ओळखले जाते. ही दंतकथा नव्हे. १७८८ मध्ये योन यांनी त्या आगीचा सविस्तर वृत्तांत लिहून ठेवला आणि भूशास्त्रज्ञ आजही तो बारकाईने वाचतात. लाव्हा प्रार्थनेने थांबला की नदीच्या पाण्याने निवला, यावर वाद घालणाऱ्यांनी घालावा. वाङ्मयाचा विद्यार्थी दुसरेच पाहील: ज्याचे घर वाटेत आहे तोच मनुष्य लाव्हाची गती, रंग, वास आणि मेंढीच्या सांध्यावरील गाठ अशी लिहू शकतो.

आणि योन काही संतचित्रातील पुरुष नव्हते. पुढल्या वर्षी त्यांची पत्नी वारली. गावासाठी मदतीच्या रकमेची मोहोरबंद पेटी ते आणीत होते. वाटेत उपाशी माणसे भेटली, तेव्हा त्यांनी मोहोर फोडून पैसे वाटले आणि त्याबद्दल वरिष्ठांकडून शिक्षा ओढवून घेतली. पुढे आपले आत्मचरित्र त्यांनी मुलींना उद्देशून लिहिले. क्लाउस्टुर येथे १९७४ साली त्यांच्या स्मरणार्थ लहानसे प्रार्थनामंदिर उभे राहिले, म्हणजे ज्या वर्षी तो गोल रस्ता जुळला त्याच वर्षी. रस्ता आमच्या लेखिकेला दिसला.

हाच न्याय आकुरेयरीचा. तेथे ती दोन दिवस राहिली. तेथेच नोनी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फादर योन स्वेनसन यांचे बालपणीचे घर संग्रहालय म्हणून जपले आहे. वडील वारल्यावर १८७० साली, बारा वर्षांचे असताना, ते शिक्षणासाठी जहाजाने निघाले. पुढे कॅथलिक झाले, येशूसंघात गेले, १८९० मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. आई पुढे कॅनडात स्थलांतरित झाली आणि मायलेकरांची भेट पुन्हा कधी झाली नाही. १८९४ च्या उन्हाळ्यात आपल्या एका विद्यार्थ्यासह घोड्यावरून त्यांनी मायदेश पालथा घातला. त्या प्रवासाचे पुस्तक हे त्यांचे पहिले; मुलांसाठीची 'नोनी' मालिका त्यानंतर जर्मन भाषेत आली. चोवीस वर्षांनी परतलेला माणूस प्रत्येक टेकडीला जुन्या नावाने हाक मारतो. घोड्यावरून त्याला जे दिसले ते मोटारीतून दिसणार नाही असे आमचे म्हणणे नाही. मात्र थांबावे लागते.

आता 'मी' विषयी. वहीत दर दुसऱ्या वाक्यात 'मी' आहे: मी उतरले, मी पाहिले, मी थरारले. मराठी क्रियापद स्वतःच सांगते की कोण उतरले आणि ती स्त्री आहे. कर्ता गाळला तरी काही हरवत नाही. गोपाळ नीलकंठ दांडेकर यांनी नर्मदेच्या परिक्रमेवर लिहिताना शीर्षकातच स्वतःला 'कुणा एकाची' म्हणून पुसून टाकले, आणि तरी 'कुणा एकाची भ्रमणगाथा' त्यांचीच राहिली. (आम्ही 'आम्ही' लिहितो त्याची थट्टा संपादक करतात. हा आम्ही एकटाच असतो, हे आम्हांस ठाऊक आहे.)

आता ती रात्र. इसवी सन ८२५ मध्ये दिकुइल नावाच्या आयरिश धर्मगुरूने भूगोलावर एक ग्रंथ लिहिला. काही धर्मबंधू उत्तरेकडील एका बेटावर उन्हाळाभर राहून आले होते. त्यांनी सांगितलेले तो नोंदवितो की सूर्य जणू एका लहान टेकडीआड जातो, आणि मध्यरात्रीही इतका उजेड असतो की सदऱ्यातील उवासुद्धा वेचता येतात. ते बेट आइसलँडच असावे असे बहुतेक मानतात. त्या प्रदेशातील एकांतवासाचे हे आमच्या माहितीतील जुन्यात जुने वर्णन, आणि त्यात 'अद्भुत' नाही, उवा आहेत.

मीवाटन सरोवराकाठच्या पृष्ठावर आमच्या लेखिकेने चार ओळी खोडल्या आहेत. एकच रेघ मारल्यामुळे छायाप्रतीत त्या वाचता येतात. अकराव्या दिवशी, उजेडामुळे झोप न लागून, ती आईने शिकविलेली जपमाळ म्हणू लागली. रात्रीची प्रार्थना केव्हा करावी हेच तिला कळेना. तिसऱ्या रहस्यापाशी तिला वाटले की कोणी ऐकत नाही. तंबूवर वारा आपटत होता तेवढाच. तिने माळ पिशवीत ठेवली. एवढेच. त्या चार ओळींत 'मी' एकदाही नाही आणि विशेषणही नाही. संपूर्ण वहीत त्यांच्या तोडीचे दुसरे काही असेल तर ते मामाचे बरड.

त्या ओळी पुन्हा घालाव्यात, असा आमचा अभिप्राय आहे. धर्मगुरूने हे लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. स्तोत्रसंहितेतील ८८ वे स्तोत्र अंधारातच संपते. त्याच्या शेवटी सांत्वनाची ओळ जोडावी असे कोणाही संपादकास वाटले नाही. ती नसल्यामुळेच गेली तीस वर्षे आम्ही ते आजाऱ्यांच्या उशाशी वाचू शकलो. या ओळी छापल्या तर घरी दुखेल म्हणून तिने त्या खोडल्या असाव्यात, हे आम्हांस कळते. पण त्यांच्यावाचून उरलेली वही कोणाही प्रवाशाची होईल.

या ओळींविषयी येथे लिहावे काय, असे आम्ही तिला पत्राने विचारले. तिने उत्तर दिले: लिहा, पण आधी आईला सांगा. तेव्हा आम्ही त्यांना बोलावून, शेव तळल्याच्या प्रसंगापासून सुरुवात करून, हळूहळू त्या पृष्ठापर्यंत आलो व वाचून दाखविले. त्या जरा वेळ छायाप्रतीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "तिसऱ्या रहस्यापर्यंत गेली ना जी ते? लहान होती तवा तं दुसऱ्यातच झोपून जाये."