इंग्रजीतील मोडल सहायक क्रियापदे आणि कालबोध : एक चिकित्सा

प्रस्तावना :
इंग्रजीच्या अध्यापनात तीन काळ व प्रत्येकाचे चार उपप्रकार अशी बारा रकान्यांची मांडणी रूढ आहे. तीत ‘शॅल’ व ‘विल’ ही भविष्यकाळाची चिन्हे ठरतात. ‘कुड’, ‘वुड’, ‘माइट’ ही अनुक्रमे ‘कॅन’, ‘विल’, ‘मे’ यांची भूतकाळी रूपे म्हणून पाठ करून घेतली जातात. रूप व काळ यांचे हे समीकरण कितपत टिकते, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

विवेचन :
मुळात ‘विल’ इच्छेचा, तर ‘शॅल’ ऋणाचा व बंधनाचा वाचक होता. जॉन वॉलिस यांनी १६५३ च्या आपल्या व्याकरणात भविष्यार्थी प्रथम पुरुषी ‘शॅल’ व अन्यत्र ‘विल’ असा नियम घातला. पुढे शालेय व्याकरणांनी तो प्रमाण मानला. याउलट इंग्रजीला स्वतंत्र भविष्यकाळ नाही, असे ओटो येस्पर्सन यांचे मत होते. हडलस्टन व पुलम यांच्या २००२ च्या केंब्रिज व्याकरणानेही ‘विल’ची गणना मोडलांतच केली. ‘दॅट विल बी द पोस्टमन’ या वाक्यातील ‘विल’ आताच्या क्षणाविषयीचे अनुमान सांगतो, भविष्य नव्हे.

‘इट माइट रेन टुमॉरो’ या वाक्यात तथाकथित भूतकाळी रूप उद्याविषयी बोलते. भूतकाळ दाखविण्याचे कार्य बहुधा पुढे येणारे ‘हॅव’ करते. ‘शी मस्ट हॅव लेफ्ट’ येथे अनुमान आजचे, पण घटना होऊन गेलेली आहे. म्हणजेच मोडलाच्या वाक्यात दोन काळ नांदतात : वक्त्याच्या निर्णयाचा आणि घटनेचा. बारा रकान्यांत या भेदाला जागा नाही. परिणामी, काल एकदाच साधलेल्या यशासाठी विद्यार्थी ‘वॉज एबल टु’ऐवजी ‘कुड’ योजतो. ‘ही माइट हॅव ड्राउन्ड’ याचा ‘तो बुडाला असता, पण वाचला’ असाही अर्थ संभवतो, हे त्याच्या ध्यानी येत नाही.

वास्तविक मराठी भाषकाला हा भेद परका नाही. ‘तो एव्हाना घरी पोहोचला असेल’ यातील ‘असेल’ रूपाने भविष्यकाळी, अर्थाने मात्र अनुमानवाचक आहे. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या ग्रंथातील ‘ईलाख्यात’ ही संज्ञा प्रत्ययावरून आलेली आहे, काळावरून नव्हे. रूप आणि अर्थ वेगळे ठेवण्याची ही दृष्टी घरचीच असताना इंग्रजीच्या वर्गात ती विसरली जावी, ही खेदाची बाब होय.

तथापि ‘इंग्रजीत भविष्यकाळच नाही’ हे विधान जसेच्या तसे वर्गात नेणेही उपकारक ठरणार नाही. भविष्याविषयी बोलताना ‘विल’चाच आधार विद्यार्थ्याला वारंवार घ्यावा लागतो. ‘विल’ भविष्य सांगतो हे खरे. तो केवळ भविष्यच सांगतो, हे चूक.

निष्कर्ष :
मोडलांचे अध्यापन काळाच्या तक्त्यातून मुक्त करून वक्त्याचा निर्णय केव्हाचा व घटना केव्हाची, या दोन प्रश्नांवर उभे करणे आवश्यक आहे. त्यासाठी मराठीतील ‘असेल’, ‘असावा’, ‘असता’ या रूपांचा तौलनिक उपयोग अध्यापकांना निश्चितच साहाय्यक ठरेल.