कच्चें मडकें आणि मूळची माती

मनुष्याच्या उपजत गुणांचें वर्गीकरण करण्याची हौस नवी नाहीं. युंग या स्विस मानसशास्त्रज्ञानें १९२१ सालीं अंतर्मुख व बहिर्मुख अशा प्रकृति वर्णिल्या; पीटरसन व सेलिगमन या अमेरिकन पंडितांनीं २००४ सालीं २४ चारित्र्यगुणांची सहा गटांत मांडणी केली. प्रश्नावली भरून आपलें बलस्थान ठरविण्याची प्रथाही आतां रूढ झाली आहे. परंतु उपजत गुण आचरणास कसा घडवितो हें पहावयाचें झाल्यास, आमच्या मतें, नामदेवचरित्रांतील मडक्याच्या कथेकडे वळावें. जवळा बाजार ज्या तालुक्यांत येतें, त्याच्या औंढा नागनाथ या मुख्य गांवींच तिचा उत्तरार्ध घडला असें परंपरा सांगते. आणि नामदेवांचें जन्मस्थान म्हणून ती जें नरसी गांव दाखविते, तेंही याच हिंगोली जिल्ह्यांत आहे.

कथा सर्वश्रुत आहे. संतांच्या मेळ्यांत गोरोबाकाकांनीं प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणें मारून पाहिलें. इतर स्वस्थ राहिले. नामदेव मात्र दुखावले, आणि ‘कच्चें मडकें’ ठरले. मग ते औंढ्यास विसोबा खेचरांकडे गेले. पिंडीवर पाय ठेवून निजलेल्या त्या वृद्धाचे पाय जेथें ठेवावे तेथें पिंडी उभी राहूं लागली, आणि देव एका मूर्तींत कोंडलेला नाहीं हें नामदेवांस उमगलें. या कथेचा प्रचलित अर्थ असा कीं, नामदेवांचा हळवा व मानी स्वभाव तेथें जळाला आणि एक नवा ज्ञानी पुरुष जन्मास आला.

हा अर्थ आम्हांस मान्य नाहीं. नामदेवांच्या गाथेंत विष्णुदास नाम्यासारख्या पुढील कवींची रचना मिसळलेली आहे. म्हणून कोणता अभंग उपदेशापूर्वींचा व कोणता नंतरचा, हें ठरविण्याचें धाडस कोणीं करूं नये. तथापि परंपरेनें त्यांचें म्हणून जपलेलें समाधिप्रकरण पहा. ज्ञानदेवांनीं १२९६ सालीं आळंदीस समाधि घेतली, त्या प्रसंगाचें हें वर्णन. येथें बोलणारा पुरुष शोक जिंकलेला स्थितप्रज्ञ नव्हे. तो वियोगानें व्याकूळ झालेला सखा आहे. गोरोबांच्या फटक्यानें जे डोळे भरून आले तेच येथें पुन्हां भरून येतात. फरक एवढाच कीं, पूर्वींचे अश्रु स्वतःसाठीं होते, हे दुसऱ्यासाठीं आहेत. १३३८ सालीं मंगळवेढ्यास चोखामेळा भिंतीखालीं सांपडून गेले, तेव्हां त्यांच्या अस्थि पंढरीस आणणारेही नामदेवच, असें परंपरा म्हणते. गुरु ग्रंथ साहिबांत त्यांचीं ६१ पदें आहेत. म्हणजे हाच ओलावा पंजाबपर्यंत पोंचला. आव्यांत मडकें पक्कें होतें, पण माती मूळचीच राहते.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही कीं, माणसाचें बळ आणि त्याची उणीव यांचीं खातीं निराळीं नसतात. ज्या हळवेपणानें नामदेवांस कच्चें ठरविलें, त्यानेंच त्यांस चोखोबांच्या अस्थि उचलावयास लाविलें. दुसरी ही कीं, आपला गुण आपल्याच उत्तरांवरून पुरता कळत नाहीं. ‘मी भक्त आहें’ असेंच नामदेवांनीं प्रश्नावलींत लिहिलें असतें, आणि तें खोटेंही नसतें. त्यांतला अहंकार मात्र दुसऱ्याच्या हातचा आघात झाल्यावांचून दिसला नसता.

येथें एक धोकाही सांगितला पाहिजे. गीतेच्या अठराव्या अध्यायांत कर्मांची विभागणी स्वभावजन्य गुणांवरून सांगितली आहे. आणि त्याच शब्दाचा आधार घेऊन, जन्मावरून स्वभाव ठरविणारी रूढि शतकानुशतकें टिकली. औंढ्याच्या देवळाची आख्यायिका या रूढीस परस्पर उत्तर देते. शिंप्याच्या कुळांतील नामदेवांस कीर्तनासाठीं देवळाच्या मागें पाठविलें, तेव्हां देऊळच त्यांच्याकडे फिरलें, असें लोक सांगतात. पुजाऱ्यांनीं त्यांची जागा नेमून दिली होती. देवानें त्यांचें गाणें ऐकलें.

आजच्या प्रश्नावल्या जन्म विचारीत नाहींत, हें खरें. परंतु कोवळ्या वयांत मिळालेली गुणपत्रिका ज्याच्या कपाळीं कायमची चिकटते, त्याची स्थिति फारशी निराळी नसते. स्वभाव जाणावा तो जागा नेमण्यासाठीं नव्हे, त्याला दिशा देण्यासाठीं. गोरोबांनीं नामदेवांस कच्चें म्हटलें, पण फोडून टाकलें नाहीं. या कथेचें सारें शहाणपण त्यांतच आहे.