पंडित रामभाऊ विजापुरे यांचे संवादिनीवादन आणि अध्यापन : एक चिकित्सक आढावा

प्रस्तावना

हिंदुस्थानी संगीताच्या समीक्षेत गायकाचे चरित्र सविस्तर लिहिले जाते, तंतुवादकाचे बऱ्यापैकी लिहिले जाते; पेटीवादकाचे चरित्र मात्र ‘कोणाकोणाला साथ केली’ या यादीपाशी संपते. बेळगावचे पंडित रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) यांच्याविषयीचे लेखन बव्हंशी याच प्रकारचे आहे. त्यांनी मैफलीत साथ केली, स्वतंत्र वादन केले आणि सात दशकांच्या आसपास अध्यापन केले. या तीन कार्यांचा परस्परसंबंध तपासणे आणि त्यांच्या अध्यापनाला कलाकार्याचा दर्जा द्यावा काय, या प्रश्नाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जडणघडण

रामभाऊंचा जन्म ७ जानेवारी १९१७ रोजी बेळगाव जिल्ह्यातील कागवाड येथे झाला. वडील कल्लोपंत हे शिक्षक आणि नाटककार होते. सोलापूर-अक्कलकोट पट्ट्याप्रमाणेच हा भागही मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत वावरणारा आहे. नाट्यसंगीत, कीर्तन-भजन आणि ख्यालगायन यांचा संगम येथे सहज घडत होता. बेळगावात विठ्ठलराव कोरगावकरांसारख्या वादकांमुळे पेटीला प्रतिष्ठाही लाभली होती.

रामभाऊंचे प्रारंभीचे शिक्षण अण्णिगेरी मल्लय्या यांच्याकडे झाले. पुढे गोविंदराव गायकवाड, हणमंतराव वाळवेकर आदींकडून त्यांनी वादनाचे धडे घेतले. त्यांच्या जडणघडणीतील निर्णायक बाब अशी की, त्यांनी गायनाचेही रीतसर शिक्षण घेतले. रामकृष्णबुवा वझे व शिवरामबुवा वझे यांच्याकडून त्यांना गायकीची तालीम मिळाली. बंदिश कशी मांडतात, आलापात श्वास कोठे घेतात, समेवर कसे येतात, हे त्यांनी गळ्याने शिकून घेतले होते. त्यांच्या वादनाला ‘गायकी अंगाचे’ म्हटले जाते, त्याचे मूळ या तालमीत आहे.

वाद्याच्या मर्यादा आणि आक्षेप

पेटीवरील आक्षेप जुना आहे. युरोपात जन्मलेले हे वाद्य एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या हातभात्याच्या रचनेमुळे भारतीय बैठकीला सोयीचे झाले. तथापि त्याचे स्वर अचल आहेत. सप्तकाचे बारा समान भाग करणारी जुळणी रागांच्या सूक्ष्म श्रुतींना न्याय देत नाही आणि एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर जाणारी अखंड मींड त्यावर निघत नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी श्रुतिपेटीचा प्रयोग केला, तो या उणिवेवर उपाय म्हणूनच. परंतु मैफलीत ती पेटी रुजली नाही.

आक्षेपाचे रूपांतर पुढे शासकीय निर्णयात झाले. आकाशवाणीच्या दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे काम पाहणारे जॉन फोल्ड्स यांनी १९३८ मध्ये पेटीवर कडवी टीका केली. रवींद्रनाथ टागोरही तिच्या विरोधात होते. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने पेटी वर्ज्य केली. १९७१ मध्ये ही बंदी साथीपुरती शिथिल झाली. स्वतंत्र वादनाला मात्र त्यानंतरही दीर्घकाळ वाव मिळाला नाही.

या तारखा रामभाऊंच्या आयुष्याशी जोडून पाहिल्यास त्यांचा अर्थ उलगडतो. बंदी आली तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते आणि ती शिथिल झाली तेव्हा चौपन्न वर्षांचे. वादकाच्या उमेदीची एकतीस वर्षे, देशातील सर्वांत मोठे श्रवणमाध्यम त्याच्या वाद्याला बंद होते. याच काळात अन्य वाद्यांचे वादक आकाशवाणीमुळे घराघरांत पोहोचले. रामभाऊंची कीर्ती प्रामुख्याने मैफलीतून आणि शिष्यांच्या तोंडून पसरली, यामागील एक प्रमुख कारण येथे सापडते.

साथ : एक सर्जनशील कृती

रामकृष्णबुवा वझे यांच्या पिढीपासून मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, बसवराज राजगुरू, कुमार गंधर्व आणि भीमसेन जोशी यांच्यापर्यंत अनेक गायकांना रामभाऊंनी साथ केली. ही नावे केवळ मानाची नाहीत. मन्सूरांच्या जोडरागांतील गुंतागुंतीची चाल, गंगूबाईंचा संथ व ठाशीव स्वरविस्तार आणि कुमारांचे अनपेक्षित, तुटक वाटणारे स्वरवाक्य यांची साथ एकाच पद्धतीने करता येत नाही. साथीदाराला गायकाच्या मागे अर्ध्या पावलावर राहावे लागते. तो पुढे गेला तर गायकाची वाट अडते, फार मागे राहिला तर मैफल विस्कळीत होते. गायकाच्या विसाव्याच्या जागा भरताना राग पुढे सरकवायचा, पण स्वतःचे म्हणणे पुढे रेटायचे नाही, हा विवेक गायकी जाणणाऱ्यालाच साधतो.

मींड न निघण्याच्या प्रश्नाला तंत्राचे उत्तर याच विवेकातून मिळते. पुढील पट्टी दाबली जाईपर्यंत मागील पट्टी न सोडणे, कणस्वराचा हलका स्पर्श देणे आणि भात्याच्या दाबाने स्वर फुलवणे वा मिटवणे, यांतून सलगतेचा आभास निर्माण होतो. पियानोचीही स्थिती याहून फार वेगळी नाही. त्याचा स्वर उमटताक्षणी विरू लागतो, तरी कुशल वादक त्यातून गाते स्वरवाक्य उभे करतो. फरक आहे तो व्यवस्थेचा. दक्षिण कोरियाच्या चो सोंग-जिन या पियानोवादकाने २०१५ मध्ये वॉर्सा येथील शोपँ स्पर्धेत प्रथम क्रमांक मिळवला, तेव्हा सोलमधील त्याच्या शिक्षकांचीही दखल घेतली गेली. स्पर्धा, ध्वनिमुद्रण आणि अध्यापन अशी साखळी तेथे उभी आहे. पेटीवादकाला ती स्वतःच उभारावी लागली.

अध्यापन

रामभाऊंनी १९३८ मध्ये बेळगावात श्रीराम संगीत महाविद्यालय सुरू केले. बंदी येण्यापूर्वी दोन वर्षे लावलेले हे रोप बंदीच्या संपूर्ण काळात वाढत राहिले. तेथे दहा हजारांहून अधिक विद्यार्थी शिकले, असा उल्लेख केला जातो. सुधांशु कुलकर्णी, रवींद्र काटोटी यांसारख्या शिष्यांनी पेटीचे स्वतंत्र वादन पुढे नेले.

या कार्याचे मूल्यमापन करताना मात्र सावधगिरी हवी. विद्यार्थ्यांची संख्या प्रसाराची खूण आहे, खोलीची नव्हे. दहा हजारांपैकी बहुसंख्य हौशी असणार, हे उघड आहे. परंतु हौशी विद्यार्थ्यांतूनच जाणता श्रोता घडतो आणि जाणत्या श्रोत्याशिवाय जिल्ह्याच्या गावी मैफल टिकत नाही. या दृष्टीने पाहता ही शाळा बेळगावच्या श्रोतृवर्गाचीही जडणघडण करीत होती.

दुसरा मुद्दा शैलीचा आहे. गळ्याचे अनुकरण हे पेटीचे अंतिम ध्येय मानावे काय? पी. मधुकरांनी द्रुत, चमकदार बोटांची शैली रूढ केली. मनोहर चिमोटे यांनी स्वरमंडलाची जोड देऊन वाद्याची रचनाच बदलली आणि त्याला ‘संवादिनी’ म्हटले. त्यांच्या तुलनेत गायकी अंगाचा मार्ग कमी धाडसी वाटू शकतो. वाद्याची स्वतंत्र भाषा घडवण्यात तो मागे राहतो, हा आक्षेप सर्वस्वी फेटाळता येत नाही. मात्र रागाची शिस्त शिष्यापर्यंत पोहोचवण्याच्या कामी हाच मार्ग अधिक भरवशाचा ठरतो. बोटांची चमक शिष्याला सहज उचलता येते. विसाव्याची जागा ओळखणे शिकवावे लागते.

समारोप

१९ नोव्हेंबर २०१० रोजी वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी रामभाऊंचे निधन झाले. त्यांच्या कारकिर्दीतील साथ, स्वतंत्र वादन आणि अध्यापन हे तीन वेगळे अध्याय नाहीत. गायकाच्या मागे बसून जे ऐकले तेच वादनात आले आणि तेच वर्गात शिकवले गेले. आकाशवाणीने ज्या वाद्याला अपात्र ठरवले होते, त्याची पात्रता त्यांनी वादविवादाने सिद्ध केली नाही. रोजच्या शिकवणीने केली. म्हणून त्यांच्या अध्यापनाला कलाकार्याचाच दर्जा दिला पाहिजे. साथीदारांच्या कार्याची नोंद, त्यांच्या शिष्यांच्या मुलाखती आणि उपलब्ध ध्वनिमुद्रणांचे जतन ही कामे सीमाभागातील महाविद्यालयांनी हाती घ्यावीत. गायकांच्या चरित्रांतील एका ओळीपुरते उरलेले हे कलावंत त्याशिवाय संगीताच्या इतिहासात येणार नाहीत.