काटेरी जाळी कोणाची? : ‘स्प्लॅश माउंटन’चा वाद आणि कथनकर्त्याचा प्रश्न

१

साहित्यकृतीच्या माध्यमांतराचा विचार सहसा नाटक आणि चित्रपट यांच्यापाशी थांबतो. मनोरंजन-उद्यानातील एखादी राइडही संहिता म्हणून वाचता येते, हे चटकन पटत नाही. परंतु कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये १७ जुलै १९८९ रोजी सुरू झालेल्या ‘स्प्लॅश माउंटन’ या राइडभोवती जो वाद उभा राहिला, तो मुळात एका कथेच्या मालकीचा वाद होता. ओंडक्याच्या आकाराच्या होडीत बसलेले प्रवासी बोलक्या प्राण्यांच्या देखाव्यांमधून वाहत जात आणि अखेरीस सुमारे पन्नास फूट उंचीवरून पाण्यात कोसळत. कथा होती ब्रेर रॅबिट या चतुर सशाची. ‘ब्रेर’ म्हणजे ‘भाऊ’. ती घेतली होती डिस्नेच्याच ‘साँग ऑफ द साउथ’ (१९४६) या चित्रपटातून. जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर अमेरिकेत आंदोलने चालू असताना, २५ जून २०२० रोजी, डिस्नेने ही कथा काढून त्याच डोंगरावर ‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’ (२००९) या चित्रपटाची कथा बसवण्याचे जाहीर केले. अमेरिकेतील दोन्ही राइड २०२३ मध्ये बंद झाल्या आणि २०२४ मध्ये ‘टियानाज बायू ॲडव्हेंचर’ या नावाने नव्या रूपात उघडल्या.

या निर्णयावर दोन परस्परविरोधी भूमिका मांडल्या गेल्या. राइड जशीच्या तशी ठेवावी असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद असा, की राइडमध्ये अंकल रीमस नाही, मळा नाही, मालक नाही. आहेत ते केवळ प्राणी. बदलाचा पुरस्कार करणाऱ्यांचे म्हणणे असे, की जो चित्रपट खुद्द निर्मात्यांनी १९८६ नंतर अमेरिकेतील चित्रपटगृहांत आणला नाही, त्याच्यावर उभी असलेली राइडही त्याच दोषाची भागीदार आहे. पहिल्या पक्षाने कथा आणि तिची चौकट पूर्णतः विलग मानली, तर दुसऱ्याने ती एकरूप मानली. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन याहून निराळे आहे. चौकट काढून टाकल्यावरही चौकटीची नीती कथेच्या आत शिरून राहू शकते. म्हणून बदल समर्थनीय होता. मात्र या बदलात शिक्षा झाली ती चौकटीबरोबर कथेलाही, आणि कथा मूळ कथनकर्त्यांच्या वारसांकडे परतली नाही.

२

चौकटकथेचे महत्त्व भारतीय वाचकाला वेगळे सांगावयास नको. विष्णुशर्मा आणि राजपुत्र यांना वगळून ‘पंचतंत्रा’तील कथा सांगता येतात, परंतु कोण, कोणाला, कशासाठी सांगत आहे हे बदलताच त्याच कथेचे प्रयोजन बदलते.

जोएल चँडलर हॅरिस या गोऱ्या पत्रकाराने १८८० च्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या अंकल रीमसच्या कथांची चौकट अशी आहे : वृद्ध कृष्णवर्णीय रीमस आपल्या खोपटात मालकाच्या कुटुंबातील गोऱ्या मुलाला गोष्टी सांगतो. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात हॅरिस जॉर्जिया राज्यातील एका मळ्यावरच्या छापखान्यात उमेदवारी करीत होता आणि तेथील गुलामांच्या तोंडून त्याने अशा कथा ऐकल्या होत्या. त्याचे संकलन नसते तर या कथांच्या अभ्यासाची कितीतरी सामग्री हाती लागली नसती, हे मान्य केले पाहिजे. परंतु याच पहिल्या पुस्तकात रीमस आपल्या मालकाचा जीव वाचवण्यासाठी उत्तरेच्या सैनिकावर, म्हणजे स्वतःच्या मुक्तीसाठी लढणाऱ्या बाजूवर, गोळी झाडतो. असा कथनकर्ता योजल्यामुळे गुलामांनी आपसांत सांगितलेली कथा मालकाच्या घरातील मुलाची करमणूक ठरते.

कथेचा आशय मात्र या चौकटीत मावत नाही. कोल्हा डांबराचे बाहुले रस्त्यात बसवतो. ससा त्याला नमस्कार करतो. बाहुले उत्तर देत नाही. संतापलेला ससा त्याला मारू लागतो आणि चिकटून बसतो. पुढे तो गयावया करतो, की काय हवे ते कर, पण मला काटेरी जाळीत फेकू नकोस. कोल्हा नेमके तेच करतो आणि जाळीतच वाढलेला ससा निसटतो.

या कथेशी आपला जुना संबंध आहे. पंचावुध जातकातील राजकुमार सिलेसलोम नावाच्या चिकट केसांच्या राक्षसाशी लढताना शस्त्रे, हात, पाय आणि मस्तक अशा सर्व अंगांनी चिकटतो. या साम्यावरून ऑरेलिओ एस्पिनोसा यांनी १९३० मध्ये या कथेचे मूळ भारतात असल्याचा पक्ष मांडला. पश्चिम आफ्रिकेतही अनान्सी या कोळ्याच्या नावे चिकट बाहुल्याची कथा सांगतात, त्यामुळे उगमाचा प्रश्न सोपा नाही. मला येथे उगमापेक्षा भेद महत्त्वाचा वाटतो. जातकातील राजकुमार सुटतो तो आपण निर्भय आहोत असे सांगून. ससा सुटतो तो आपण भयभीत आहोत असे भासवून. ज्याच्यापाशी राजकुल आहे, त्याला निर्भयता उघड बोलता येते. ज्याच्यापाशी काहीच नाही, त्याला भीतीचेच शस्त्र करावे लागते. गुलामगिरीतील श्रोत्यांना हा ससा आपला का वाटला असेल, हे या भेदातून उमगते.

३

१९४६ च्या चित्रपटाने हॅरिसची चौकट अधिक गोड केली. अंकल रीमसची भूमिका करणारे जेम्स बास्केट अटलांटा येथील पहिल्या खेळास वंशविभाजनामुळे उपस्थित राहू शकले नाहीत. १९४८ मध्ये त्याच भूमिकेसाठी त्यांना सन्माननीय ऑस्कर देण्यात आले. त्या काळीच कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या राष्ट्रीय संघटनेचे वॉल्टर व्हाइट यांनी चित्रपटातील कलागुण मान्य करूनही मालक-गुलाम संबंधांच्या रम्य चित्रणास आक्षेप घेतला होता. आक्षेप २०२० मध्ये नव्याने शोधून काढला गेला, ही समजूत म्हणूनच टिकत नाही.

राइडच्या रचनाकारांना या इतिहासाची जाणीव असावी, असे त्यांनी केलेल्या बदलांवरून दिसते. रीमसला त्यांनी वगळले. फ्लोरिडातील आवृत्तीत निवेदन एका बेडकाकडे गेले. डांबराच्या बाहुल्याचे नाव कृष्णवर्णीयांसाठी अपशब्द बनले होते. त्याच्या जागी मधमाश्यांचे पोळे आले. या बदलाने एक अपमान टळला. पण नमस्काराला उत्तर न मिळाल्याने पेटलेला सशाचा अभिमानही त्याबरोबर नाहीसा झाला. उरला तो मधात फसलेला एक अवखळ प्राणी.

याहून महत्त्वाचा बदल कथानकाच्या चालीत आहे. राइडमधील ससा घर सोडून साहसाच्या शोधात निघतो, संकटात सापडतो आणि अखेर आपले घरच बरे असे मानून परततो. इतर प्राणी गाणी गात त्याचे स्वागत करतात. अंतिम कोसळणे म्हणजे काटेरी जाळीत फेकले जाणे. प्रवासी क्षणभर स्वतःच ससा होतो, आणि या दृष्टीने राइडची रचना निःसंशय कुशल होती. पण मौखिक कथेतील जाळी ही बलवानाला शिरता येत नाही अशी दुर्बलाची जागा होती. राइडमध्ये ती ‘जेथे आहेस तेथेच राहा’ या उपदेशाची खूण झाली. ज्यांच्या पूर्वजांसाठी मळा सोडून पळून जाणे हाच मुक्तीचा मार्ग होता, त्यांच्या कथेला हा उपदेश जोडणे निरागस नाही. रीमस गेला, तरी रीमसला जे सांगायला लावले होते ते सशाच्या प्रवासात राहिले. ‘केवळ प्राणी आहेत’ हा बचाव येथे कोसळतो.

टोकियोतील राइड, १९९२ मध्ये सुरू झालेली, अमेरिकेतील बदलानंतरही जुन्याच कथेसह चालू राहिली. मळ्याची स्मृती नसलेल्या ग्राहकसंस्कृतीत तीच संहिता निव्वळ प्राणिकथा म्हणून वाचली जाऊ शकते. परंतु त्यामुळे अमेरिकेतील वाचन चुकीचे ठरत नाही. अर्थ संहितेइतकाच श्रोतृवर्गाच्या इतिहासातही वसतो, एवढेच त्यातून दिसते.

४

मग नव्या कथेने काय साधले? टियाना ही डिस्नेची पहिली कृष्णवर्णीय राजकन्या. तिच्या व्यक्तिरेखेमागे न्यू ऑर्लिन्सच्या प्रसिद्ध उपाहारगृह-चालक लिआ चेस (१९२३–२०१९) यांची प्रेरणा आहे. नव्या राइडमध्ये ती कामगारांच्या मालकीची खाद्यपदार्थ सहकारी संस्था चालवते आणि मार्डी ग्राच्या मेजवानीसाठी वादक शोधते. कृष्णवर्णीय स्त्री कथेच्या केंद्रस्थानी, मालकीच्या स्थानी आणि स्वतःच्या नावाने येते, हा लाभ लहान नाही. पण या कथेत शत्रू नाही, सापळा नाही, फसवणूक नाही. डोंगरावरून होडी पूर्वीप्रमाणेच कोसळते. तिच्या कोसळण्याला मात्र कथेत तितके सबळ कारण उरत नाही. दुर्बलाच्या धूर्तपणाची जागा सर्वांच्या सलोख्याने घेतली आहे.

याहून निराळा मार्ग उपलब्ध नव्हता काय? ज्युलियस लेस्टर यांनी १९८७ पासून याच कथा रीमसची मळ्यावरची चौकट बाजूला सारून, समकालीन कृष्णवर्णीय निवेदकाच्या आवाजात पुन्हा सांगितल्या. त्याच्याही आधी झोरा नील हर्स्टन यांनी ‘म्यूल्स अँड मेन’ (१९३५) या ग्रंथात ईटनव्हिल या आपल्या गावच्या मंडळींच्या तोंडच्या कथा नोंदवल्या. तेथे गोरा मुलगा श्रोता नाही. दुकानाच्या ओसरीवर बसलेली माणसे एकमेकांना टोमणे मारीत, एकमेकांची गोष्ट मध्येच तोडीत सांगतात. हे ईटनव्हिल फ्लोरिडाच्या ऑरेंज काउंटीत आहे आणि ‘स्प्लॅश माउंटन’ची फ्लोरिडातील राइडही त्याच काउंटीत होती. म्हणजे कथेची दुसरी चौकट शोधण्यासाठी फार दूर जाण्याचीही गरज नव्हती.

हॅरिसच्याच ईटनटन गावी जन्मलेल्या ॲलिस वॉकर यांनी, हॅरिसने आपला वारसा आपल्याला लाजिरवाणा वाटायला लावून हिरावून घेतला, अशी तक्रार १९८० च्या दशकातच नोंदवली होती. या तक्रारीचा रोख कथांवर नाही, त्या ज्या तोंडात घातल्या गेल्या त्यावर आहे. राइडच्या वादात दोन्ही पक्षांनी ही तक्रार पुरती ऐकली नाही. एका पक्षाने आपल्या बालपणाची आठवण जपली. निरोपाच्या दिवसांत राइडमधले पाणी बाटल्यांत भरून विक्रीस ठेवण्यापर्यंत मजल गेली. दुसऱ्याने दूषित संहिता हटवल्याचे समाधान मानले. ससा मात्र दोघांच्याही हिशेबात जुन्या मालकाचाच राहिला.

अभिजात आणि आक्षेपार्ह अशा दोन्ही विशेषणांना पात्र ठरणाऱ्या संहितांबाबत ‘ठेवावी की काढावी’ हा प्रश्न समीक्षेने पहिला प्रश्न म्हणून स्वीकारू नये. कथा कोणाची, ती आज कोणाच्या तोंडी आहे आणि पुढे कोणाच्या तोंडी जाणार, हे प्रश्न आधी विचारले तर काढण्याचा निर्णयही अधिक जबाबदारीने घेता येईल. ‘स्प्लॅश माउंटन’ काढणे योग्य होते असे मला वाटते. ब्रेर रॅबिटला त्याच्याबरोबर काढावयास नको होते.