तारीख नको, अट हवी : 1989 सालच्या एका युक्तिवादाची तपासणी

मे 1739 मध्ये आपला वसईचा किल्ला पडला तेव्हा पोर्तुगीजांना आठ दिवसांत गाशा गुंडाळायची मुदत मिळाली. त्या मुदतीवर वाद झाला नाही, कारण लढाईचा निकाल लागलेला होता. निकाल लागायच्या आधीच परतीची तारीख ठरवायची का, हा प्रश्न वेगळा. भारतापुढे तो 1989 साली आला.

29 जुलै 1987च्या करारानंतर, अध्यक्ष जयवर्धने यांच्या विनंतीवरून, आपली शांतिसेना श्रीलंकेत उतरली. त्यांच्यानंतर आलेल्या प्रेमदासांनी 1 जून 1989ला जाहीर करून टाकलं, 29 जुलैपर्यंत निघा. पंतप्रधान राजीव गांधींनी ही एकतर्फी तारीख नाकारली. त्यांचं म्हणणं असं, की तमिळांची सुरक्षितता आणि प्रांतांना द्यायचे अधिकार आधी मार्गी लागू देत. परतीचं वेळापत्रक त्याच्या जोडीनंच ठरेल.

यातला अर्धा भाग आम्हाला पटतो. तारीख कळली की जंगलात दबा धरलेला माणूस लढत नाही, दिवस मोजतो. पण उरलेल्या अर्ध्याचं काय? अट पुरी झाली हे ठरवणार कोण? अधिकार द्यायचे कोलंबोनं, शस्त्रं टाकायची वाघांनी. आणि हे दोघे तर तेव्हा आपल्याला घालवण्यासाठी एकमेकांशी बोलणी करत होते! म्हणजे आपला जवान घरी कधी येणार, याची किल्ली आपणच त्यांच्या हाती दिली. जी अट पुरी करणं आपल्या हातात नाही, तिला तर्कशास्त्रात काहीही म्हणा, व्यवहारात ती बेमुदत मुक्कामच असते. शिवाय ज्यांच्या बोलावण्यावरून गेलो, त्यांनीच जा म्हटल्यावर राहायचं कुठल्या हक्कानं? या प्रश्नाला राजीवजींच्या युक्तिवादात समाधानकारक उत्तर आम्हाला सापडत नाही.

या मुक्कामाची किंमत मोठी होती. सुमारे बाराशे जवान गेले. मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन 25 नोव्हेंबर 1987ला पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. ‘इतके गेले, आता मागे कसं फिरायचं’ असं लोक म्हणतात ना, तो शोक आहे, युक्तिवाद नव्हे.

शेवटची तुकडी 24 मार्च 1990ला, सरकार बदलल्यावर, परतली. जूनमध्ये तिथे पुन्हा युद्ध पेटलं. ज्या तमिळ पोरांच्या हाती आपणच बंदुका दिल्या होत्या, ती मागे राहिली आणि वाघांच्या तावडीत सापडली. इथे आमची टीका अडखळते, हे कबूल करायला हवं.